महागूची दोन बोटं

आमच्या शाळेत बारावीच्या रसायनाच्या प्रॅक्टिकलला बत्तीस वर्षांत एकही पोरगं नापास झालं नाही. याचं श्रेय प्राचार्य स्वतःकडे घेतात, मी माझ्याकडे घेते, आणि दोघंही खोटं बोलतो. ते श्रेय महागूकाकांच्या हातांचं आहे. हातांचं म्हणजे अक्षरशः हातांचं, ते कसं ते सांगतेच.

महागूकाका आमचे प्रयोगशाळा परिचर. हा शब्द फक्त हजेरीपटावर आहे, बाकी मध्य प्रदेशातलं आमचं सगळं बालाघाट त्यांना लॅबवाले काका म्हणतं. मी वैदेही, त्याच लॅबची मॅडम. माझे आजोबा सिंचाई खात्यात बदली होऊन नागपूरहून इथे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, दारात हिंदी आणि वर्गात पाठ्यपुस्तकाची ती तिसरीच हिंदी. महागूकाकांच्या मते माझी मराठी रेडिओवरची आहे, बातम्या सांगायला ठीक, माणसांशी बोलायला नाही.

काकांचं गाव किरनापुरच्या अलीकडे. ज्या साली ते जन्मले त्या साली पाऊस रुसला होता आणि तांदूळ इतका महागला की बारशाला आलेल्या बायकांना मुरमुऱ्यांवर परत पाठवलं. म्हणून नाव महागू. आमच्या भागात ही पद्धत जुनी आहे. बुधवारी जन्मला तो बुधराम, शुक्रवारी जन्मला तो शुक्रू. आईबाप नाव शोधत बसत नसत, आजूबाजूला जे चाललं असेल ते पोराला चिकटवून मोकळे होत. काका आठवी पास झाले, नववीत गणिताच्या मास्तरांना उलट बोलले आणि शिक्षण संपलं. मग बरीच वर्षं इकडेतिकडे करून आमच्या शाळेत पाणी भरायला लागले, आणि एके दिवशी लॅबचा माणूस सोडून गेला म्हणून त्यांच्या हातात चाव्यांचा जुडगा आला.

बाटल्यांची नावं त्यांना वाचता येत होती, पण त्यांनी त्या ओळखल्या त्या रंगावरून आणि वासावरून. मोरचूद निळं, हिराकस हिरवट, लाल दवा जांभळी. हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पावसाळ्यात ते चिमूटभर पुडीत बांधून गावाच्या विहिरीत टाकायला न्यायचे. त्यामुळे गावात त्यांचा मान डॉक्टरपेक्षा मोठा. बायको गोदाबाई मात्र त्यांना भांडी घासणारा म्हणते, आणि परीक्षानळ्यांचा विचार केला तर तिचंही चूक नाही.

आता हातांची गोष्ट. प्रॅक्टिकलला पोरांना एका पुडीत एक अनोळखी सॉल्ट देतात आणि ते कोणतं हे तपासून ओळखायचं असतं. आठ गुण. पूर्ण देशात लॅबवाले काका हे आठ गुण कानात सांगतात, हे ज्याला माहीत नाही त्याने बारावी केलेली नाही. आमच्या काकांनी कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही आणि तोंडही उघडलं नाही. ते फक्त कपाटापाशी उभे राहायचे. कंबरेच्या चाव्यांना हात लावला की लोखंड. मनगटातलं कडं फिरवलं की तांबं. जस्ती बादली पायाने सरकवली की जस्त. आणि अंगठा खांद्यावरून मागे केला की मँगनीज, कारण त्या दिशेला भरवेलीची खाण आहे. पोरं आधीच्या वर्षीच्या पोरांकडून हे शिकून यायची. तेवढाच अभ्यास त्यांनी पुस्तकाचा केला असता तर काकांची गरजच पडली नसती.

मला हे माहीत होतं का? होतं. मी खिडकीबाहेर बघायची. खिडकीबाहेर एक कडुलिंब आहे, त्याचं प्रत्येक पान मला पाठ आहे.

गेल्या वर्षी मला सुधारणेची लहर आली. आमच्या बाटल्यांवर अजून फेरस, फेरिक, क्युप्रिक अशी जुनी नावं होती आणि पुस्तकात कधीचीच नवी आली होती. धातूचं नाव, पुढे कंसात रोमन आकडा. पोरं गोंधळायची. मी काकांना म्हटलं, "सगळी लेबलं बदलायची."

"काहून? जुन्या नावानं पोट्टे मेले का?"

मी फळ्यावर लिहून समजावलं. सल्फेटचा हिशोब वजा दोन. एका लोखंडाला एक सल्फेट असेल, तर बेरीज शून्य यायला लोखंड अधिक दोन. म्हणून आयर्न(II) सल्फेट. दोन लोखंडांना तीन सल्फेट असतील तर प्रत्येक लोखंड अधिक तीन. ते आयर्न(III) सल्फेट. कंसातला आकडा म्हणजे त्या धातूचा ऑक्सिडेशन नंबर.

काकांनी माझ्या हातातला खडू घेऊन कंसावर टेकवला. "मतलब लोखंडाचं किती गेलं, ते कंसात लिवाचं?"

"हो. किती इलेक्ट्रॉन गेले ते."

"आन् सोडियमचं काहून नाई लिवत?"

"सोडियमचा नेहमी एकच जातो. सगळ्यांना माहीत आहे, मग लिहायचं कशाला? लोखंड, तांबं, मँगनीज, हे मधले धातू कधी दोन गमावतात, कधी तीन, मँगनीजचे तर चार जातात, सातही जातात."

"म्हंजे ह्याईचा भरोसा नाई."

"नाही."

"मंग बरोबर हाये. ज्याचा भरोसा नाई त्याचं लिवूनच ठेवा लागते." मग लाल दवेच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं किती?"

"सात. पोटॅशियम मँगनेट(VII)."

"बापा! सात गेले? मंग उरलं काय त्याच्यापाशी?"

"म्हणून तर ते दुसऱ्याचं ओढून घ्यायला टपलेलं असतं. विहिरीतले जंतू त्याच्यामुळेच मरतात."

काका एवढे खूश झाले की पंधरा वर्षं मी बारावीला शिकवते आहे, त्यात असा एकही विद्यार्थी मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दिसेल त्याचा नंबर काढायला लागले. शिपायाला सांगितलं की गेटवरचा गंज म्हणजे तीन नंबरचं लोखंड आहे, आणि गेटला रंग लावला नाही तर उरलेलंही तीन होईल. प्राचार्यांना सांगितलं की भरवेलीचं काळं मँगनीज चार नंबरचं असतं. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं की हा माणूस काही घेतो का.

या सुधारणेचा आणखी एक फायदा झाला, तो मला परीक्षा आली तेव्हा कळला. चाव्यांना हात लावून लोखंड तर सांगता यायचं, पण फेरस की फेरिक हे सांगायला खुणा नव्हत्या. आता आकडे आले. आकडे बोटांवर येतात. मी विज्ञान सुधारायला गेले आणि कॉपी सुधारून बसले.

लेबलं बदलायचं काम दिवाळीनंतर झालं. मी तेव्हा मतदार यादीच्या कामाला दारोदार फिरत होते. जुनी लेबलं निघेनात म्हणून काकांनी बाटल्या रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्या. झाकणं जुनी, त्यामुळे बऱ्याच बाटल्यांत पाणी शिरलं. मग त्यांनी तेच केलं जे आमच्या भागातला कोणीही शहाणा माणूस ओल लागलेल्या धान्याचं करतो. सगळी सॉल्टं वर्तमानपत्रांवर पसरून शाळेच्या गच्चीवर ऊन दाखवायला ठेवली. चार दिवस. वर दगड ठेवले, कबुतरं हाकलली.

मी परत आले तेव्हा गच्चीवर निळे, पांढरे, पिवळट ढीग ओळीने मांडलेले. मी खळखळून हसले, फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. चौदा जणांनी हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली. ओल्या हिराकशीला चार दिवस हवा आणि ऊन लागल्यावर काय होतं, हे मी दरवर्षी सप्टेंबरात फळ्यावर लिहिते. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. काकांनी सगळं पुन्हा तपकिरी बाटल्यांत भरलं आणि सुंदर अक्षरात लेबलं लावली. आयर्न(II) सल्फेट. कंस इतके गोल की कंपासने काढल्यासारखे.

आता नूतन. ती काकांची एकुलती एक लेक, लग्नाला खूप वर्षं झाल्यावर झालेली, आणि त्या वर्षी माझ्याच वर्गात बारावीला. बारीक, चिडकी, आणि एकदा मनात घेतलं की बापाच्या वरताण. तिने पूर्ण वर्ष लॅबमध्ये एकेक टेस्ट स्वतः केली. कारण साधं होतं. वर्गातली पोरं तिला म्हणायची, तेरे को क्या टेंशन, तेरे तो घर का मामला है. हे ती ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन बापाशी भांडायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोरच काकांना म्हणाली, "बाबा, उद्या मले बोटं दाखवू नका. दाखवाल तं मी तुमच्याशी बोलनार नाई."

"नाई दाखवत," काका म्हणाले.

पण काका त्याच महिनाअखेर निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षं लोकांच्या लेकरांना आठ गुण दिले आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी हात बांधून उभं राहायचं, हे कोणत्या बापाला जमेल? मला तेव्हाच दिसत होतं की त्यांना जमणार नाही. नूतनला बीएस्सी करायचं होतं, रसायनातच. तिला ते आठ गुण हवे होते, पण स्वतःचे हवे होते.

बाहेरचे परीक्षक म्हणून वारासिवनीचे गुणाकर सर आले. शांत माणूस, पोह्यांवर प्रेम, आणि जाताना गाडीत चिन्नौर तांदळाची पिशवी ठेवली की अधिकच शांत. त्यांची पद्धत अशी की एका बॅचला एकच सॉल्ट. त्यांनी कपाटातली एक बाटली दाखवली. काकांनी ती उघडून बारा पुड्या बांधल्या. मी लेबल वाचून उत्तराच्या कागदावर लिहिलं: आयर्न(II) सल्फेट, रंग फिकट हिरवा. बाटलीत डोकावले नाही. लेबल मीच लावायला सांगितलं होतं, मग डोकावायचं कशाला?

काकांचं म्हणाल तर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. निवृत्तीनंतर बघू, असा त्यांचा बेत.

परीक्षा सुरू झाली. गुणाकर सर पोह्यांकडे वळले, मी कडुलिंबाकडे. काका कपाटापाशी उभे. चाव्यांना हात लावला आणि मग छातीजवळ दोन बोटं. अकरा पेनं चालू झाली. नूतन मान खाली घालून बर्नर पेटवत होती. काका दोन पावलं पुढे आले. पुन्हा चाव्या, पुन्हा दोन बोटं, आता अगदी तिच्या टेबलासमोर. तिने वर पाहिलं. बोटं पाहिली, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा नळीत थेंब टाकायला लागली. काकांचा चेहरा एवढासा झाला.

तासाभराने गुणाकर सरांनी कागद चाळले आणि मला बोलावलं. "मॅडम, अकरा बरोबर, एक चूक. ही कोण नूतन? हिनं आयर्न(III) लिहिलं आहे. आणि खाली शेरा मारलाय, थोडं (II) शिल्लक असावं म्हणून. लई हुशार दिसते."

काका तिथेच उभे होते. मला वाटलं ते गप्प राहतील. पण त्यांचा आवाज चढला. "नूतन! माह्या रागापायी आठ नंबर घालवते काय?"

"रागापायी नाई, बाबा. टेस्ट करा."

तिने तिच्या पुडीतलं चिमूटभर पाण्यात टाकलं, थोडं आम्ल टाकलं आणि नळी बापाच्या हातात दिली. थायोसायनेटची बाटली काकांनी स्वतः उचलली. दोन नंबरचं लोखंड या थेंबाने ढिम्म हलत नाही, तीन नंबरचं रक्तासारखं लाल होतं. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. थेंब पडला आणि नळी लाल झाली. मोतीबिंदूतूनही दिसावी अशी लाल.

गुणाकर सरांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग त्यांनी पुडी उघडून पाहिली. पिवळट तपकिरी भुकटी. गच्चीवरच्या चार दिवसांत दोनाचं तीन झालं होतं. मग त्यांनी अकरा कागद पुन्हा वाचले. अकराही पोरांनी रंग लिहिला होता: फिकट हिरवा.

"बेटा," त्यांनी पहिल्या टेबलावरच्या अंकितला विचारलं, "इसका रंग कौन सा है?"

अंकितने पुडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, सुबह थोडा हरा था."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. अंकितने पुडीत बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. आणि मला मोतीबिंदू नव्हता.

गुणाकर सरांना दोन मिनिटांत सगळं समजलं, कारण असे काका वारासिवनीतही असतात. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात तोडगा सांगितला. "बघा, प्रकरण वाढवण्यात कोणाचाच फायदा नाही. मॅडमच्या उत्तरात दोन आहे, बाटलीवर दोन आहे, अकरा कागदांवर दोन आहे. या पोरीनं तिच्या तीनमधली एक दांडी खोडायची. बाराही जणांना आठ. मी निघालो."

एक दांडी. नूतनने बापाकडे पाहिलं. सरांनी स्वतःचं पेन काकांच्या हातात दिलं. "तुम्हीच समजवा. बाप आहात."

काका पेन घेऊन उभे राहिले. ते काय विचार करत होते ते सांगायला मला मनकवडी असण्याची गरज नव्हती, ते माझ्यासमोर होतं. दांडी खोडली तर लेकीला आठ, पोरांना आठ, आणि बत्तीस वर्षांची अब्रू झाकलेली. नाही खोडली तर हे सगळं उघडं पडणार, आणि तेही निवृत्तीला अकरा दिवस राहिले असताना. माझी अब्रूही त्याच पेनाच्या टोकावर होती. खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी खोडावी.

काका टेबलाकडे गेले, पण नूतनच्या कागदाकडे नाही. त्यांनी ती तपकिरी बाटली उचलली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, आणि त्या गोल कंसात, दोन दांड्यांच्या शेजारी, तिसरी दांडी ओढली. जरा तिरकी गेली.

"लेबल गलत होतं, सर," ते म्हणाले. "म्या पाण्यात बुडवलं, म्याच ऊन दाखवलं. पोट्टी गलत नाई. आन् पोट्ट्याईले दोन म्याच दाखवले. हे लिवून घ्या."

गुणाकर सरांनी ते लिहून घेतलं नाही. माझ्या हातातला उत्तराचा कागद मात्र घेतला आणि पुढे केला. "मॅडम, तुमच्याही कागदावर दांडी वाढवा." मी वाढवली. माझी दांडी काकांच्या दांडीपेक्षा जास्त तिरकी गेली.

मग त्यांनी अकरा पोरांना नव्या पुड्या दिल्या आणि पुन्हा बसवलं. या वेळी बाटली त्यांनी स्वतः उघडून पाहिली, मग मी पाहिली. नूतनचे आठ गुण त्यांनी आधीच लिहून टाकले होते. काका तासभर हात मागे बांधून उभे राहिले. त्यांच्या नाकावर माशी बसली तरी त्यांनी हात पुढे आणला नाही, कारण आणला असता तर चार पोरांनी ती माशी पण उत्तरात लिहिली असती. अकरापैकी सहा जणांना आलं. अंकितला आलं, याचं सर्वांत मोठं आश्चर्य त्यालाच वाटलं. पाच जणांचे गुण गेले, पण पास तेही झाले. गुणाकर सर चिन्नौरची पिशवी तशीच ठेवून गेले, आणि तेव्हा मला पटलं की त्यांना खरंच राग आला आहे.

मी लॅबला कुलूप लावत होते तेव्हा बापलेक व्हरांड्यात सायकलपाशी उभे होते. काका काहीतरी चाचपडत होते, चाव्या कंबरेला असूनही खिशात शोधत होते.

"तुले माह्या बोटाईवर भरोसा नोता का?" त्यांनी विचारलं.

"बोटं दिसली मले," नूतन म्हणाली. "पन पुडी पिवळी होती, बाबा."

"मले तं आजकाल सगळंच पिवळं दिसते."

"माहीत हाये. घरी तुम्ही दुधाले चहा म्हनता." तिने त्यांच्या हातातून सायकल घेतली. "उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन राह्यलो आपन. बसा मागं."

काका मागे बसले. पंधरा वर्षांत मी त्यांना कोणाच्या मागे बसलेलं पाहिलं नव्हतं.